वाचक विचारतात : कंटेनर जहाज बघायचं कसं?

मागच्या अंकात मी जहाजं बघण्याच्या नादाबद्दल लिहिलं होतं. बावीस वर्षं मी कंटेनर बोटींवर होतो, त्यातली शेवटची नऊ चीफ ऑफिसर म्हणून. माल कुठे चढतो, कसा बांधला जातो आणि बोट पाण्यात नीट बसते की नाही, हे बघणं माझं काम होतं. नोकरी संपली, पण बघणं सुटलं नाही. आता दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर बसतो आणि वहीत लिहितो. लेखावर बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : काही जहाजांवर माणसांची राहायची इमारत मागे असते, काहींवर मध्ये. परवा एका फोटोत तर ती पार पुढच्या टोकावर दिसली. ही मालकांची आवड, की त्यामागे काही कारण आहे?

कारण आहे, आणि कुठलंही कंटेनर जहाज दिसलं की मी सगळ्यात आधी तेच बघतो. ही इमारत कुठे आहे त्यावरून जहाजाचं वय आणि आकार, दोन्हींचा अंदाज बांधता येतो.

जुनी रीत सरळ होती. जहाजाला ढकलणारा पंखा मागे, म्हणून इंजिन मागच्या बाजूला. इंजिनाच्या डोक्यावर धुरांडं, त्याला लागून खोल्या आणि सगळ्यात वर ब्रिज, म्हणजे जहाज जिथून चालवतात ती खोली. सगळं एका ठिकाणी. अडचण आली ती जहाजं लांब झाल्यावर. ब्रिजवरच्या माणसाला पुढचं पाणी दिसलं पाहिजे, आणि त्याचा नियम पक्का आहे: जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त पाणी नाळेपुढे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापुढे, झाकलं जाता कामा नये. आता ब्रिज मागे आणि पुढे तीनशे मीटर डबेच डबे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. नजरेची रेघ ब्रिजच्या काचेतून तिरकी खाली उतरते आणि त्या रेघेच्या वर एकही डबा चालत नाही. म्हणजे नाळेकडे जाताना थर कमी कमी करत न्यायचे. बंदरातून मालाची आखणी आली की मी आधी ही रेघ तपासायचो. पुढच्या दोन-तीन आडव्या ओळींमधला एखादा थर कितीदा तरी उतरवून घ्यावा लागे.

यावर उपाय निघाला तो इमारतीचे दोन तुकडे करायचा. ब्रिज आणि खोल्या पुढे, साधारण लांबीच्या एक तृतीयांशावर, आणि इंजिन-धुरांडं मागे. २०१३ मध्ये आलेली मर्स्क कंपनीची ट्रिपल-ई जहाजं या घडणीची आहेत: लांबी ४०० मीटर, रुंदी ५९ मीटर, पहिल्या जहाजाची क्षमता १८,२७० टीईयू. टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याची एक जागा. चाळीस फुटी डबा दोन टीईयूंचा. ब्रिज पुढे आल्यामुळे त्याच्या मागे डबे हवे तेवढे उंच रचता येतात. शिवाय ब्रिजच्या इमारतीखाली इंधनाच्या टाक्या बसतात. तिथे त्या कडेच्या पत्र्यापासून आत, सुरक्षित राहतात. आणखी एक फायदा बाहेरून दिसत नाही. उघड्या पोकळ सांगाड्याला मधेच एक भक्कम आडवा गठ्ठा मिळतो, त्यामुळे जहाज कमी पिळवटतं. पिळवटण्याबद्दल पुढे लिहितोच.

तुम्ही फोटोत पाहिलंत ते बहुधा २०२४ पासून आलेल्या आने मर्स्कच्या जातीचं असावं. मिथेनॉलवर चालू शकणारी, सुमारे १६,००० टीईयूची ही जहाजं. त्यांचा ब्रिज आणि खोल्या थेट नाळेवर आहेत आणि धुरांडं मागे एका कडेला सरकवलेलं आहे. डब्यांसाठी मधला सगळा डेक मोकळा. मालाच्या हिशोबाने ही रचना उत्तमच म्हणायची. पण लाटांत सगळ्यात जास्त वर-खाली होतं ते नाळेचं टोक, आणि तिथे महिनोन्महिने झोपणाऱ्या माणसांची आठवण मला हा आकार बघताना दर वेळी येते.

प्रश्न : जहाज किती मोठं आहे हे मोबाइल न बघता कसं ओळखायचं? समुद्रावर अंदाज चुकतोच.

डबे मोजायचे. डबा हीच मोजपट्टी. तो ८ फूट रुंद असतो, म्हणजे २.४४ मीटर, आणि शेजारच्या फटीसकट अडीच मीटर धरा. जहाज पाठमोरं किंवा समोरून दिसलं की डेकवर आडव्या रांगा किती, ते मोजा.

तेरा रांगा म्हणजे साधारण ३२ मीटर रुंदी. हा आकडा पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांनी ठरवलेला आहे. तिथली रुंदी साडेतेहतीस मीटर, त्यामुळे ३२.३ मीटरच्या वरचं जहाज पलीकडे जाऊच शकत नसे. कितीतरी वर्षं जगभरच्या आराखड्यांवर त्या दरवाजांची छाया होती. १९८८ मध्ये अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्सने कालव्याचा विचार बाजूला ठेवून ३९ मीटरच्या वर रुंदीची जहाजं बांधली, तेव्हा मोठी गोष्ट वाटली होती. २०१६ च्या जूनमध्ये कालव्याचे नवे, रुंद दरवाजे उघडले. त्यातून एकोणीस-वीस रांगांची जहाजं जातात. तेवीस किंवा चोवीस रांगा मोजल्यात तर समजा, आज पाण्यावर असलेल्या सगळ्यात मोठ्या, चारशे मीटरच्या जातीचं जहाज तुमच्यासमोर आहे.

क्षमताही काढता येते. तेवीस रांगा, डेकवरचे आणि पोटातले मिळून वीस थर, लांबीत चाळीस फुटी डब्यांच्या चोवीस जागा. गुणाकार करून दुप्पट करा: २२,०८०. नाळ आणि पिछाडी निमुळती होते, पोटाला दुहेरी भिंत असते, त्याची वजावट करा. वीस हजारांच्या आसपास याल. सुएझ कालव्यात अडकलं होतं ते एव्हर गिव्हन २०,१२४ टीईयूचं आहे. आणि सुरुवात बघा: १९५६ च्या एप्रिलमध्ये कंटेनर वाहतूक रुजवणाऱ्या माल्कम मॅक्लीनचं आयडियल एक्स हे जहाज अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, तेव्हा त्यावर ५८ डबे होते.

प्रश्न : डेकवर नऊ-दहा थर डबे एकावर एक उभे असतात. ते पडत कसे नाहीत? आणि कधी कधी पडतात, ते का?

या प्रश्नावर मी बोलायला लागलो तर थांबत नाही, म्हणून आधीच माफी मागतो.

पहिली गोष्ट, डब्याचा पत्रा काहीही पेलत नाही. भिंती जेमतेम दोन मिलिमीटरच्या, पन्हाळी घातलेल्या. सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली जातो. प्रत्येक खांबाच्या वर आणि खाली ओतीव पोलादाचा पोकळ ठोकळा असतो आणि त्याला तीन बाजूंनी लांबट भोकं असतात. वरच्या डब्याचा ठोकळा खालच्या ठोकळ्यावर बरोबर बसतो आणि दोघांच्या मध्ये ट्विस्टलॉक नावाचं कुलूप अडकवतात. ते हातात मावेल एवढंच असतं, पण पहिल्यांदा उचललं की त्याचं वजन कळतं. त्याचा शंकूसारखा टोकदार माथा भोकात शिरतो आणि पाव फेरा फिरला की डबा वर उचलला जात नाही.

पोटातल्या, म्हणजे होल्डमधल्या डब्यांना कुलुपं बहुतेक लागत नाहीत. तिथे उभ्या पोलादी पट्ट्यांचे मार्ग असतात. डबा वरून त्यांत सोडला की लिफ्टसारखा सरळ खाली जाऊन बसतो. होल्डचं तोंड भल्यामोठ्या झाकणांनी बंद करतात आणि त्या झाकणांवर डेकचे डबे उभे राहतात. खरी परीक्षा या डेकवरच्यांची.

दुर्बिणीतून बघाल तर डब्यांच्या दोन ओळींच्या मध्ये पोलादी मचाण दिसेल, दोन-तीन मजल्यांची. तो लॅशिंग ब्रिज. त्यावर उभं राहून माणसं डब्याच्या कोपऱ्यात लांब सळई अडकवतात आणि खाली टर्नबकलने, म्हणजे फिरवून आवळायच्या पेचाने, ताणून घेतात. दोन सळया एकमेकींना छेदतात, म्हणून डब्याच्या तोंडावर फुलीसारखी आकृती दिसते. फुल्या कुठल्या थरापर्यंत आहेत ते मोजा. त्याच्या वरचे सगळे थर फक्त ट्विस्टलॉकच्या जिवावर उभे असतात.

कॅडेट असताना खराब हवामानाची सूचना आली की आम्ही टर्नबकल तपासत फिरायचो. दोन रांगांमधली वाट खांद्याएवढी, दोन्हीकडे डब्यांच्या भिंती, वर आकाशाची एक पट्टी. हाताने सळई ढोसायची. ताणलेली सळई टणक लागते, ढिली असेल तर खडखडते. तो फरक बोटांना कळायला मला पहिली सफर पुरी लागली.

आता पडतात का? अनेकदा खालच्या थरात जड डबा ठेवायचा तिथे हलका गेलेला असतो, कारण कागदावरचं वजन खोटं असतं. म्हणूनच २०१६ च्या जुलैपासून भरलेला डबा वजन पडताळल्याशिवाय चढवायचा नाही, असा नियम झाला. कधी गंजका ट्विस्टलॉक दगा देतो. पण सगळ्यात भयंकर कारण जहाजाच्या आकारातच दडलेलं आहे.

कंटेनर जहाजाची नाळ पाण्याजवळ अरुंद आणि वर एकदम पसरट असते. मागचा भाग सपाट आणि रुंद. डेकवर जास्त डबे मावावेत आणि पाण्यात मात्र धार राहावी, यासाठी ही घडण. समोरून येणाऱ्या लाटा जहाजाएवढ्याच लांब असल्या की काय होतं बघा. लाटेचा माथा मध्यावर आला की दोन्ही टोकं उघडी पडतात, पाण्याला टेकलेली रुंदी कमी होते आणि जहाज हळवं होतं, सहज कलतं. खोलगट भाग मध्यावर आला की पसरट टोकं बुडतात आणि जहाज पुन्हा ताठ होतं. एका डुलण्यात हे बरोबर दोनदा घडायला लागलं, तर डुलणं वाढत जातं. झोपाळ्यावरचं मूल ठरावीक क्षणी अंग वर-खाली करून झोका चढवतं, तसंच. समोरून आलेली लाट जहाजाला आडवं डोलवते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

१९९८ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये एपीएल चायना या जहाजाचं असंच झालं. डेकवरचे जवळजवळ एक तृतीयांश डबे समुद्रात गेले. त्यानंतर या डुलण्याचा नीट अभ्यास झाला आणि आमच्यासारख्यांना कुठल्या वेगाने, कुठल्या कोनात जायचं नाही याचे तक्ते मिळाले. तरी २०२० च्या नोव्हेंबरअखेर वन एपस या जहाजावरून १,८१६ डबे गेले. नुसता आकडा वाचून पुढे जाऊ नका. तेवढे डबे निखळत असताना ब्रिजवर कोणीतरी उभं होतं.

प्रश्न : एवढं लांब जहाज लाटांवर वाकतं, असं वाचलं. पोलाद वाकतं म्हणजे धोका नाही का?

वाकतं, आणि वाकायलाच हवं. लाटेच्या माथ्यावर मधला भाग उचलला जातो, दोन लाटांमध्ये तो खाली लोंबतो. हे सगळ्याच लांब जहाजांचं. कंटेनर जहाजाची जास्तीची अडचण म्हणजे पिळवटणं. बुटांचं खोकं घ्या. झाकण घट्ट चिकटवून पिळा, फारसं हलत नाही. झाकण काढा आणि पिळा. कंटेनर जहाज हे झाकण काढलेलं खोकं आहे. होल्डची तोंडं जवळजवळ पूर्ण रुंदीची, आणि वरची झाकणं सांगाड्याला बळ देत नाहीत, ती फक्त टेकलेली असतात.

म्हणून दोन्ही कडांना, अगदी वर, पोलादाची चौकोनी पेटी नाळेपासून पिछाडीपर्यंत नेलेली असते. मोठ्या जहाजांत या कडांचं पोलाद काही ठिकाणी ८० मिलिमीटरपेक्षाही जाड असतं. आणि या पेटीतूनच आमची जायची-यायची वाट असते. एका टोकाला उभं राहिलं की छतावरच्या दिव्यांची ओळ लांबवर, बारीक होत गेलेली दिसते. बंदरात ती ओळ सरळ असते. एका हिवाळ्यात पॅसिफिकमध्ये मी त्या वाटेवर थांबलो, एक हात खांबावर ठेवून. लांबचे दिवे हळूहळू उजवीकडे सरकले, खाली बुडाले, थोडे थांबले आणि परत आले. पुन्हा तसंच. जवळचे दिवे मात्र जागच्या जागी. डोक्यावर झाकणं आपल्या टेकूंवर घासत होती आणि प्रत्येक झुकण्याबरोबर एक लांबट करकर पुढून मागे जात होती. मी तिथे किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही. भीती वाटली नाही. आराखडा काढणाऱ्याने हे सगळं आधीच मनात धरलं होतं, हे तिथे उभं राहून कळलं.

धोका असतो तो हिशोबाबाहेर गेल्यावर. १७ जून २०१३ ला एमओएल कम्फर्ट अरबी समुद्रात मधोमध मोडलं. जहाज पाच वर्षांचंच होतं. सगळे २६ जण वाचले, पण दोन्ही तुकडे शेवटी बुडाले. त्यानंतर तळाच्या पत्र्यांवर लाटांचा आडवा आणि उभा ताण एकदम कसा येतो, याचे हिशोब कडक झाले.

प्रश्न : जुन्या जहाजांना पाण्याजवळ पुढे मोठं नाक असतं. काही नव्यांना ते छोटं किंवा नाहीच. का?

ते नाक आपली एक लाट उठवतं आणि ती नाळेच्या लाटेला मारते. त्यामुळे इंधन वाचतं. पण ते एका ठरावीक वेगासाठी घडवलेलं असतं. चोवीस-पंचवीस नॉटसाठी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) केलेलं नाक, २००८ च्या मंदीनंतर जहाजं अठरा नॉटने चालवायला लागल्यावर, उलट ओझं झालं. कित्येक जहाजांची नाकं गोदीत कापून दुसरी बसवली. नव्या जहाजांचा वेगच बेताचा असतो, म्हणून त्यांची नाळ सरळ उभी दिसते.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला जहाजांची वही करायची आहे. नावाशिवाय काय लिहू?

तुझं अक्षर सुरेख आहे, तेव्हा वही छान होणार. नाव लिहीच, पण नावावर विसंबू नकोस. मालक बदलला की नाव बदलतं, रंग बदलतो, पिछाडीवर लिहिलेलं नोंदणीचं बंदरही बदलतं. जन्मापासून भंगारापर्यंत एकच गोष्ट टिकते, ती आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीचा ओळख क्रमांक. सात आकडे. ते जहाजाच्या अंगावर, बहुतेक वेळा पिछाडीला नावाखाली किंवा इमारतीवर रंगवलेले असतात.

या क्रमांकात एक गंमत आहे. शेवटचा आकडा पहिल्या सहांचा पहारेकरी असतो. एव्हर गिव्हनचा क्रमांक ९८११०००. पहिल्या आकड्याला ७ ने गुण, दुसऱ्याला ६ ने, मग ५, ४, ३ आणि २ ने. ९ सत्ते ६३, ८ सख ४८, मग ५, ४, शून्य, शून्य. बेरीज १२०. तिचा शेवटचा आकडा शून्य, आणि क्रमांकाचा सातवा आकडाही शून्य. आता तू एमा मर्स्कचा करून बघ: ९३२१४८३. लांबून एखादा आकडा नीट वाचता आला नाही, तर याच हिशोबाने तो कधी कधी शोधून काढता येतो, नाहीतर निदान शक्यता कमी होतात. मी कितीदा तरी काढला आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या रेषेवरचे आकडे. नाळेवर, मध्ये आणि मागे उभी मोजपट्टी रंगवलेली असते. तिच्यावरून जहाज किती मीटर पाण्यात आहे ते कळतं. आकडा १० सेंटिमीटर उंच असतो आणि त्याच्या तळाला पाणी टेकलं की तो आकडा खरा. पुढचा आणि मागचा, दोन्ही लिही. मधे एक वर्तुळ आणि त्यातून आडवी रेघ दिसेल. १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये खासदार सॅम्युएल प्लिम्सॉलच्या खटपटीने ती कायद्यात आली. जहाज किती खोल भरायचं याची ती हद्द. तिच्यामुळे किती खलाशी घरी परतले असतील, याचा विचार ती रेघ बघताना मी नेहमी करतो. नाळेजवळ वर्तुळात फुली दिसली, तर तिथे पाण्याखाली आडवा पंखा आहे. टगवाल्यांनी, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटींनी, तिथे जपून राहावं म्हणून ती खूण.

वेळ, दिशा आणि वारा लिहायला विसरू नकोस.

प्रश्न : मोबाइलवर सगळ्या जहाजांची नावं, वेग, मुक्काम दिसतो. मग किनाऱ्यावर जाऊन बसायचं कशाला?

ती माहिती जहाजावरच्या एआयएस यंत्रातून येते. जहाज चालू असताना काही सेकंदांनी एकदा ते आपली जागा, वेग आणि दिशा सांगतं. तेवढं आपोआप होतं आणि अचूक असतं. पण मुक्कामाचं बंदर आणि जहाज किती खोल बुडालंय, हे आकडे कोणीतरी हाताने भरतो. आमच्या बोटीवरही ते भरले जायचे आणि बंदर सोडायच्या घाईत कधी कधी जुनेच राहायचे.

आता एक उदाहरण. गेल्या पावसाळ्यानंतर मी एक जहाज पाहिलं. डेकवर डबे खच्चून, एकही फट नाही. मोबाइलवर खोली १४ मीटर. दुर्बिणीत मात्र तळाचा तांबडा रंग रुंद पट्ट्याने उघडा दिसत होता आणि मागे पंख्याची वरची पाती पाणी थापटत होती. एवढे डबे आणि जहाज तरंगतंय पिसासारखं, याचा अर्थ एकच: डबे रिकामे. माल जिथून निघतो तिथे पुन्हा भरायला चालले होते. जगाचा व्यापार कुठून कुठे वाहतो हे त्या एका तांबड्या पट्ट्यात दिसत होतं आणि मोबाइलवर त्याची खूण नव्हती.

पृथ्वीचा गोलवाही बघायला मिळतो. सपाट किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज पाचच किलोमीटरवर असतं. पण साठ मीटर उंच ब्रिज त्याच्याही पलीकडे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवरून डोकावतो. आधी ब्रिजची काच, मग डब्यांची वरची कड, एकेक थर पाण्यातून वर येतो. चांगल्या हवेत हे उगवणं अर्धा-पाऊण तास चालतं. एकदा शेवटपर्यंत बसून बघा.

प्रश्न : जहाजं जवळून बघायला जगात कुठे जातात? फोटो काढताना काय सांभाळायचं?

जिथे मोठी जहाजं अरुंद पाण्यातून जातात, तिथे. एल्बे नदीवर, हाम्बुर्गच्या खाली वेडेल गावात १९५२ पासून जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांचं त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून स्वागत होतं. नेदरलँड्समध्ये फ्लिसिंगनच्या किनारी रस्त्यावर जहाज इतकं जवळून जातं की रेलिंगवरचा माणूस दिसतो. पनामात मिराफ्लोरेसला दरवाजांच्या शेजारीच प्रेक्षकांसाठी गच्ची आहे.

फोटो सूर्य पाठीशी ठेवून, सकाळी किंवा उतरत्या उन्हात. बंदराच्या कुंपणात शिरायचं नाही. तिथे सुरक्षेचे नियम कडक आहेत, ते योग्यच आहेत. आणि मोठं जहाज जवळून गेलं की पाणी आधी किनाऱ्यापासून ओढलं जातं आणि मग उसळून येतं. लहान मुलांना पाण्याच्या कडेला उभं करू नका.

प्रश्न : रात्री गॅलरीतून समुद्रावर दोन पांढरे दिवे दिसले, एक खाली, एक वर, आणि त्यांच्या खाली एक लाल. थोड्या वेळाने पांढरे दिवे एकावर एक आले आणि लालच्या शेजारी हिरवा दिसला. मग लाल गेला, हिरवा राहिला. पुढे सगळं जहाजच उजळून निघालं. काय चाललं होतं?

आलेल्या पत्रांतलं हे मला सगळ्यात आवडलं. कारण तुम्ही काहीही गृहीत न धरता जे दिसलं तेवढंच लिहिलंत, आणि त्यावरून सगळी हालचाल लावता येते.

लाल दिवा जहाजाच्या डाव्या बाजूला, हिरवा उजव्या. लाल दिसला म्हणजे डावी बाजू तुमच्याकडे होती, जहाज तुमच्या डावीकडे चाललं होतं. पांढऱ्या दिव्यांपैकी खालचा पुढे असतो, वरचा मागे. ते एकावर एक आले आणि लाल-हिरवा दोन्ही दिसले, त्या क्षणी नाळ थेट तुमच्या गॅलरीकडे होती. मग फक्त हिरवा राहिला, म्हणजे जहाज आणखी वळून तुमच्या उजवीकडे तोंड करून उभं राहिलं. बाजूचे दिवे कमीत कमी तीन सागरी मैलांवरून दिसतील असे असतात आणि तुम्हाला ते साध्या डोळ्यांनी दिसले, तेव्हा ते फार लांब नव्हतं. इतक्या जवळ येऊन एवढं वळण घेतलं, ते बहुधा प्रवाहाकडे तोंड करायला. नांगर टाकण्याआधी असंच करतात.

उजळून निघालं, तिथे नांगर पडला. शंभर मीटर किंवा त्याहून लांब जहाजाने नांगरावर असताना डेकचे दिवे लावायचेच असतात, आणि लाल-हिरवे विझवायचे. पांढरे दिवे मात्र दोन राहतात, फक्त त्यांची उंची उलटी होते: आता पुढचा वर आणि मागचा खाली. त्या झगमगाटात ते शोधावे लागतात. जहाज अजून तिथेच असेल तर आज रात्री बघा, आणि कुठला वर दिसतो ते कळवा.